विचारून पुसणारा

वरठी स्टेशनसमोर तो मोबाइल दुरुस्त करतो. बोलताना गिऱ्हाइकाकडे कधी बघत नाही, स्क्रीनकडेच बघतो. मी बाबांचा बंद पडलेला टॅब नेला.

"सॉफ्टवेअर नवं टाकावं लागते. आतलं सारं पुसल्या जाईन. कोनाचा होय?"

"बाबांचा. दिवाळीआधी गेले."

टॅब कॉम्प्युटरला ओळखता यावा म्हणून त्यानं आधी ड्रायव्हर टाकला. मग केबल जोडली. टुंग! टॅब स्क्रीनवर दिसला. आता फक्त बटण दाबायचं होतं, तर यानं हात जोडले. गेलेल्या माणसाची वस्तू तो विचारल्याशिवाय पुसत नाही.

"काकाजी, पुसून राहिलो. चालते ना?"

टॅब स्क्रीनवरून गायब झाला. केबल मात्र जागेवरच होती.

"ड्रायव्हर नीट बसला नसेल," मी म्हणालो.

"ड्रायव्हर बरोबर हाये. तुमी विचारा. घरच्याचं आयकतेत." त्यानं केबल उपसून माझ्या हातात दिली.

मला हसू येत होतं. तरी म्हणालो, "बाबा, पुसू का?"

टुंग!

केबलची दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती.

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. माझ्या खांद्यामागे बघत, स्टूल पुढे सरकवत म्हणाला, "बसा ना, काकाजी."