छपरीतली सुटी

"मी आता कोणाच्याच कामाची नाई," असं जाहीर करून काकू बगलेत चटई मारायच्या, हातात पाण्याचा तांब्या घ्यायच्या आणि अंगणापलीकडच्या छपरीकडे निघायच्या. चाल अशी, की पाहणाऱ्याला वाटावं बाई माहेरी निघाली.

छपरीत अर्ध्या भागात सरपण आणि अर्ध्या भागात त्यांची जागा. पाळी आली की त्या घरातल्या बाईनं तिथं बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाणी भरायचं नाही, धानाच्या पऱ्ह्याला, म्हणजे रोवणीच्या रोपांना, हात लावायचा नाही. जेवणाचं ताट लांबून सरकवलं जायचं. असा रिवाज तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल, नाव वेगळं असेल.

मी कुरखेड्याला शाळेत शिकवायला आले आणि त्यांच्याच घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. डोक्यात पुस्तकं भरलेली, त्यामुळे पहिल्याच महिन्यात छपरीसमोर उभं राहून मी त्यांना समतेवर छोटंसं व्याख्यान दिलं. काकूंनी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ते सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमाले इतवार असते ना?"

"असतो."

"मले हे हाय. तुम्ही माहा इतवार काऊन बंद करून राह्यल्या?"

व्याख्यान तिथंच आटोपलं.

हा इतवार मात्र फार लहरी होता. त्यांची सासू, म्हणजे घरातली म्हातारी, ओसरीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या सुनेची पाळी पंचांग पाहून येते. रोवणी लागली का आली. पाहुणे आले का आली. मार्कंड्याची जत्रा असली का पत्ता नाई."

छपरीतून उत्तर यायचं, "आत्याबाई, देवाले माही काळजी हाय."

एका दुपारी चिंचा फोडता फोडता काकूंनी मला खरं सांगून टाकलं. "अर्ध्या खोट्या असतेत, मॅडम. अंग मोडून आलं का सांगून टाकते, आली म्हणून. पाहाले कोण येते?"

त्या घरात थकले म्हणून कुणाला बसू देत नव्हते. विटाळाला मात्र कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं. काकूंनी रिवाज मोडला नाही, फक्त जरा जास्तच पाळला.

मग एका पावसाळ्यात छपरीतला मुक्काम लांबायला लागला. चार दिवस घरात आल्या की पुन्हा चटई बगलेत. "यंदा काय रोवणी छपरीतूनच करते का?" असं नवरा म्हणाला तेव्हा काकूंनी उलट टोला हाणला नाही. मला तेच विचित्र वाटलं. त्यांची नखं पांढरी पडली होती. हातपंपापर्यंत जाताना त्या भिंत धरत. विचारलं तर म्हणत, "वय झालं. या वयात मागंपुढं होतेच." गल्लीतल्या साऱ्या बायाही तेच म्हणत आणि एकमत झाल्यामुळे कुणी पुढे काही विचारत नसे.

शेवटी नवरा आणि म्हातारी त्यांना एका डॉक्टरकडे घेऊन गेले. पाळी नियमित येते का, असं त्यानं विचारलं. उत्तर म्हातारीनं दिलं, "पयलेपासूनच अशी हाय. कधी लवकर, कधी लई उशिरा." काकू जमिनीकडे पाहत राहिल्या. जन्माचीच तऱ्हा म्हटल्यावर डॉक्टरला त्यात नवं काही दिसलं नाही. त्यानं गोळ्या दिल्या.

महिला दिनी आमच्या शाळेच्या पटांगणात आरोग्य शिबिर झालं. म्हणजे मंडप झाला, हार झाले, दिवा लागला आणि स्त्री ही आदिशक्ती असल्याचं पुरुषांनी आळीपाळीनं सांगितलं. तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाती माइक आला तेव्हा मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. तरी त्या नीट बोलल्या. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होते, खरं आहे. पण कालपर्यंत महिन्याला येणारी अचानक बिघडली, रक्त थांबेना, गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मधेच जायला लागलं, तर वयावर ढकलू नका. तपासून घ्या. आणि तारीख लक्षात ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतो.

संध्याकाळी काकूंनी मला छपरीकडे बोलावलं.

"मॅडम, खोटी सांगतली म्हणून खरी बिघडते का?"

"नाही. कोण म्हणालं असं?"

"कोणी नाई. मलेच वाटते. जितक्या खोट्या बसली, तितक्या देव आता वसूल करून राह्यला." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या हे म्हणाल्या. डॉक्टरसमोर त्या का गप्प बसल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

"मग आता तरी डॉक्टरला खरं सांगा."

"आत्याबाईसमोर? अन् मंग सारी उमर खोटारडी म्हणून राहू?"

मी सोडलं नाही. बडबड करण्याचाच मला पगार मिळतो. पुढच्या आठवड्यात आम्ही गडचिरोलीच्या बसमध्ये बसलो. म्हातारी हट्टानं सोबत आली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. म्हातारीनं तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "आत्याबाई सांगतेत त्यातल्या अर्ध्या आल्याच नवत्या. खऱ्या महिन्याच्या महिन्याले येत. हे बिघडलं ते मागच्या रोवणीपासून."

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "मीबी बसतच होती खोटी. मले वाटलं, हेबी माह्यासारखीच थकली असन. तिकडं डॉक्टरापुढं, पोराच्या देखत, हिले उघडी कशी पाडू?"

काकूंनी मान वळवून सासूकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघी तोच एक लपंडाव एकमेकींपासून झाकत आल्या होत्या.

तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती तिथंच थांबलेली नव्हती. 'आधी का आला नाहीत' हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी उच्चारलं नाही, याबद्दल मी त्यांना अजून मानते.

नागपूरच्या वॉर्डात मी भेटायला गेले तेव्हा काकूंचा चेहरा मुठीएवढा झाला होता. "इथी तर रोजच इतवार," त्या म्हणाल्या. मी हसले, कारण त्यांना तेच हवं होतं. धान कापणीला आलं तेव्हा त्या गेल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं. रोवणी लागली आणि एका सकाळी नवी सून चटई घेऊन छपरीकडे जाताना दिसली. गल्लीतून एक बाई हसून ओरडली, "काऊन वो, या घरात रोवणी लागली का पाळी येतेच का?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तांब्या भरला. एरवी ती तो लांबूनच सरकवायची. त्या दिवशी ती छपरीत शिरली आणि चटईच्या कडेवर बसली.

"खरी का खोटी, ते मले सांगू नको," ती म्हणाली. "पण थांबत नाई असं वाटलं, तर पयले मलेच सांगजो."

पोरीनं मान हलवली आणि कुशीवर झोपली. म्हातारी उठली नाही. काकूंची पाठ टेकून टेकून भिंतीची माती एका जागी गुळगुळीत झाली होती. तिथं तिनं आपली पाठ टेकली आणि उन्हं वर येईपर्यंत बसून राहिली.