आमचं वकीलपत्र कोणी घेईना

डोणगावचे धाकटे मामा वारले तेव्हा मी धाड गावच्या शाळेत शिकवत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. वडील आधीच गेले होते, म्हणून आई माझ्याजवळ, भाड्याच्या एका खोलीत राहायची. मला शिकवलं ते या मामांनीच. मामी गेल्यावर त्यांच्या घरी एक बाई येऊन राहिली, लग्नाशिवाय. शेवटच्या दुखण्यात तिनंच त्यांचं सगळं केलं. मृत्युपत्रात मामांनी घर तिला दिलं आणि ते अमलात आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली. "तिले घराबाहेर काढू देऊ नको," माझा हात धरून म्हणाले होते.

थोरल्या मामांनी तेरावं होताच तिला निघायला सांगितलं. आई या थोरल्या भावाच्या बाजूची. चूल पेटवताना, अंथरूण घालताना तिचं एकच, "माहेर तेवढंच राह्यलं मले. तेही तोडून राह्यली तू." त्या खोलीत दुसरीकडे जायला जागा नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्या बाईला घेऊन बुलढाण्याला वकील शोधायला गेले. पहिले वकील म्हणाले, "तुमचे मामा कालच येऊन गेले. मी त्यांचा वकील आहे." दुसऱ्यांनी घरचं भांडण घरात मिटवा म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "लग्नाची आहे का? नाही ना? मग तुम्ही कशाला यात पडता, बाई?"

बाहेर आले तर ती पिशवी उचलून उभी. "राहू द्या ताई. मी जातो कुठंबी."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पण मामांचा हात आठवला आणि तेही गेलं.

शेवटी धान्याच्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण वकील भेटले. बौद्ध समाजातले, नव्यानंच वकिली करणारे. त्यांनी तिलाही खुर्ची दिली. ती कोण, हे विचारलं नाही. विचारलं, "साक्षीदार कोण?"

"एक डॉक्टर होते, ते वारले. दुसरे थोरले मामाच. आत काय आहे ते न सांगता धाकट्या मामांनी त्यांची सही घेतली."

वकिलांनी मृत्युपत्रावरच्या सह्या पाहिल्या. "म्हणजे सगळं त्यांच्याच तोंडावर. ते नाही म्हणाले तर आपण हरलो. तरी मी घेतो."

कोर्टात थोरले मामा साक्षीला उभे राहिले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. वकिलांनी कागद पुढे धरला. मामांनी तो चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला.

"सही माहीच हाय," ते म्हणाले. "भावानं माह्यासमोर सही केली, मंग म्या केली. आत काय लिहेल व्हतं, ते मले सांगतलं नाही."

तेवढ्यावर निकाल आमच्या बाजूनं लागला. त्या दिवशी व्हरांड्यात मामा माझ्यापाशी थांबले. "खोटं बोलता आलं नाही मले. पण तुह्या मायले सांग, डोणगावची वाट आता बंद."

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"त्यानं खरं सांगतलं?"

"हो."

"मंग त्याले काय बोलू मी," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ती बाई शेवटपर्यंत त्या घरात राहिली. दर दिवाळीला मला बोलावणं धाडायची. आईला डोणगाव बंद झालेलं. तिला खोलीत एकटी सोडून मी कधी गेले नाही.