काटा सातवर होता

ही गोष्ट मी कोणालेच सांगतली नाही. बायकोले नाही, पोराले नाही, ज्या दोस्तासंगं तीस वर्षं एका डब्यात जेवलो त्यालेही नाही. तुमाले कावून सांगून राहिलो — मले ठाऊक नाही. तुमी मले ओळखत नाही, म्हणून असन. ओळखीच्या माणसापुढं शब्द ओठावर येते आणि मागं सरकते. आजवर असंच झालं.

मी भिलाईले कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. आमी मूळचे भंडाऱ्याकडचे. बाप भट्टीवर लागला, मी मीटरवर लागलो. प्रेशरचा मीटर असो, पाण्याचा असो, माह्या हाताखालून गेला की काटा सुधरलाच, असं लोक म्हणत. मले ते ऐकायले आवडे. आवडे म्हणजे काय — माज होता तो, बाप्पा. आता म्हणायले लाज कशाची?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशातच होता, छत्तीसगड व्हायचं होतं. शेजारच्या दुर्गले, बोरसी भागात एका ठेकेदारानं बंगला बांधला आणि मागं स्विमिंग पूल केला. घरचा पूल! आमी कारखान्याच्या वसाहतीतले, सेक्टरातले लोक नळाच्या टायमाले बादल्या भरून ठेवणारे, आमाले तं हसूच आलं. पण तो पूल चैनीचा नव्हता. ठेकेदाराची एकुलती एक पोरगी होती, गुड्डी. नऊ वर्षांची. पोलिओनं एक पाय वाळलेला. डॉक्टरानं सांगतलं होतं, पोरीले रोज तासभर पाण्यात चालवा, पाय जोर धरन. म्हणून बापानं तिच्यासाठी पाणीच घरी आणलं.

त्या पाण्यासाठी मुंबईहून एक मीटर आला होता. पाणी आंबट झालं की सोड्यासारखं झालं, ते दाखवणारा. सात म्हणजे बरोबर मधात. साताच्या खाली गेला की आंबट, वर गेला की सोडा. तो बसवायले कोणी मिळेना, तं कोणीतरी माहं नाव सांगतलं. ड्युटी सुटल्यावर मी स्कूटर घेऊन गेलो.

त्या मीटरचा जीव म्हणजे एक काचेची नळी. पेनाएवढी, खाली वाटाण्याएवढा पातळ फुगा. पाण्याच्या पाइपात ती उभी बसवायची. तिथं बिसाहू होता — बंगल्याचा चौकीदार म्हणा, माळी म्हणा, पूल झाडणारा म्हणा, सगळं तोच. पन्नाशीचा, छत्तीसगढी, बायको-पोरीसंगं मागच्या खोलीत राहे. मी त्याले सगळं समजावलं. बोअरचं पाणी जड आहे, त्यात पाणी साफ करायची पावडर पडते, म्हणून ते वर वर जाईन. तू रोज सकाळी एक मग तेजाब, म्हणजे ॲसिड, टाकायचं, आणि काटा सातच्या खाली उतरला की त्या दिवशीपासून बंद. त्याले आकडे वाचता येत नव्हते, तं मी बायकोची एक लाल टिकली काचेवर सातच्या आकड्याजवळ चिकटवली. म्हटलं, टिकलीच्या खाली काटा गेला की हात थांबव. तो हसला. त्याले ती टिकली फार आवडली.

मंग नळी बसवली. जोडातून पाणी झिरपून राहिलं होतं. कारखान्यात आमचे सेन्सर लोखंडाचे असत — झिरपलं की पाना लावा आणि अजून अर्धा आटा आवळा. हाताले तीच सवय. लावला पाना, आवळला अर्धा आटा. आतून बारीक आवाज आला — टिक्. चण्याचं टरफल फुटते तेवढाच.

मले समजलं. तिथंच समजलं, हे लिहून ठेवा. नळी काढून पाह्यली, फुग्यावर केसासारखी चीर. अशी फुटलेली नळी काय करते, माहीत आहे? ती मरत नाही. ती सात दाखवते. मी बंगल्यातून निंबू मागवलं, वाटीत पिळलं, नळी बुडवली — सात. साबणाच्या पाण्यात बुडवली — सात. तिले आता सगळं जग मधातच दिसून राहिलं होतं.

तेवढ्यात ठेकेदार पाव्हणे घेऊन आला. मी नळी घाईघाईत पाइपात घातली. काटा टिकलीवर येऊन उभा. "देखो, एकदम सात!" तो पाव्हण्यांना म्हणे, "प्लांट का आदमी है, हाथ में जादू है." पाव्हण्यांनी माना डोलावल्या. आणि मी — मी रुमालानं हात पुसले.

तेव्हाच बोलायले पायजे होतं ना? एक वाक्य. साहेब, माह्या हातून नळी फुटली. काय केलं असतं त्यानं, खाल्लं असतं? पण त्या जादूवाल्या हातानं फुटली हे मले म्हणवेना. म्हटलं, गुपचूप दुसरी मागवतो, बदलतो, कोणाले कळणार नाही. रायपूरच्या दुकानदाराले सांगून ठेवलं. तो म्हणे, मुंबईहून यायची, टाइम लागन. काटा आता टिकलीखाली जाणार नाही, म्हणजे बिसाहूचा तेजाबाचा मग थांबणार नाही, हे मले कळत होतं. पण रोजच्या एका मगाचं काय? येवढ्या पाण्यात एक मग म्हणजे समुद्रात चूळ. अशी मी माही समजूत घातली, आणि बिसाहूले बंद कर म्हणून सांगतलं नाही. सांगतलं असतं तं त्यानं विचारलं असतं — कावून?

कारखान्यात असं झालं असतं तं निभलं असतं. तिथं लॅबवाला दर पाळीले बाटलीत पाणी भरून नेई आणि आमचा काटा पडताळे. बोरसीच्या त्या बंगल्यात पडताळणारा कोण होता? एक बिसाहू. आणि त्यानं पडताळलं.

पाणी बरेच दिवस सोसते. जड पाणी तं जास्तच सोसते. रोजचा मग पिऊन घेते, चेहऱ्यावर दाखवत नाही. मंग एका दिवशी त्याची सोसायची ताकद संपते आणि ते एकदम आंबटाकडं पडते. दोन महिन्यांनी बिसाहू सायकल मारत माह्या क्वार्टरवर आला. हातात पितळी लोटा. म्हणे, "पानी ह काटथे, साहेब." पाणी चावते. त्यात हात घातला की नखाजवळ झोंबते. फरशीमधातली पांढरी सिमेंट गळून राहिली आहे. सकाळी बेंडक्या मरून तरंगते, आधी नव्हत्या मरत. गुड्डी बेबीचे डोळे लाल राहते. मालकाले सांगतलं तं मालक म्हणते, मीटर देख, सात है, तू मीटरपेक्षा शहाणा का?

माही बायको चहा घेऊन आली. तिची नजर लोट्यावर. "बाप्पा, काय चमकून राहिला लोटा! चिंचेनं घासला का?" बिसाहूनं मान हलवली. घासला नव्हता. पुलातलं पाणी भरून एक रात्र ठेवला होता, बस.

मी त्या लोट्याकडं पाहात राहिलो. त्या लोट्यानं जे सांगतलं ते माहा मीटर सांगत नव्हता. लॅबमधून लिटमसचा एक कागद खिशात घालून नेता आला असता. नेला नाही. कागद लाल झाला असता तं मंग काय केलं असतं मी? मी बिसाहूले म्हटलं — आणि आवाज चढवून म्हटलं — "काटा टिकलीवर आहे ना? मंग? अपना काम करो." तो चहा अर्धा ठेवून गेला. बायको म्हणे, गरिबावर कावून ओरडता? मी पेपर उघडला.

त्याच आठवड्यात रायपूरहून निरोप आला, नळी आली. मी रजा टाकून गेलो. येताना कुम्हारीजवळ बस खड्ड्यात आदळली, तं मी तो डबा लेकरासारखा छातीशी धरला. वाटलं, सुटलो. आता बदलतो आणि बिसाहूले सांगतो, तेजाबाचा मग बंद. सगळं आपोआप निस्तरन.

दुपारी बंगल्यावर पोचलो. बिसाहूनंच पाना धरला, त्यानंच बादली धरली. जुनी नळी काढून मी शर्टाच्या खिशात घातली, नवी बसवली. काटा हालला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हालला तो. सात सोडला, सहा, पाच — आणि उतरतच गेला. तीनच्या जरा वर थांबला. तीन! या पाण्यात ते पोर रोज सकाळी तासभर चाले. तोंडात पाणी भरून बापाच्या अंगावर चूळ मारे, खिदळे.

मागं पावलं वाजली. ठेकेदार. सकाळीच ते लोक रायपूरच्या दातवाल्याकडून आले होते. गुड्डीचे समोरचे दात कडेले पातळ झाले होते, खिडकीच्या काचेतून दिसावं तसे आरपार. पोरगी थंड पाणी प्यायली की रडे. दातवाला म्हणे, पोरीच्या तोंडात रोज काहीतरी आंबट जाऊन राहिलं आहे, आणि झिजलेला दात परत येत नाही.

ठेकेदारानं काटा पाह्यला. "कल तक सात था," तो हळू म्हणे. "मैंने खुद देखा. आज तीन?" मंग त्यानं बिसाहूकडं पाह्यलं. दोन दिवसांआधी त्यानं बिसाहूले सर्वांदेखत झापलं होतं — पाणी चावते, पाणी चावते, अशी कटकट करते म्हणून. बस. डोक्यात जुळलं त्याच्या. यानं राग काढला. यानं आता तेजाबाचा डब्बाच ओतला.

"मैं ओतके डारे हंव, जतका साहेब बताइस," बिसाहू म्हणे — साहेबानं सांगतलं तेवढंच टाकलं — आणि माह्याकडं पाह्यलं.

ठेकेदारही माह्याकडं वळला. "मीटर में कुछ गड़बड़ थी क्या?"

पाहा, किती सरळ विचारलं. देवानं ताटात वाढून दिलं. चीर गेलेली नळी माह्या खिशात, छातीवर, ओली. बिसाहूची नजर त्या खिशावर.

मी म्हटलं, "नहीं साहब. मीटर ठीक है. साफ किया बस."

दोन महिने खोटं बोलणारा मीटर त्या दिवशी खरं बोलला, आणि त्याच्या खऱ्यावर मी माहं खोटं ठेवून दिलं. ठेकेदारानं बिसाहूच्या कानाखाली मारली. बिसाहूची बायको धावत आली, पदर पसरला. संध्याकाळपर्यंत त्यांचं सामान रस्त्यावर होतं. लंगड्या पोरीच्या पाण्यात तेजाब ओतणारा — हे नाव त्याच्याआधी प्रत्येक फाटकावर पोचलं. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत साळ्याच्या घरी जाऊन राहिला तो. कोणी कामावर ठेवलं नाही. त्याच्या पोरीचं जुळलेलं लग्न मोडलं, हेही कानावर आलं. आणि मी? मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. आठ दिवसांनी ठेकेदारानं मले मिठाईचा डबा पाठवला. आमी खाल्ली ती मिठाई.

तुमाले वाटन, हाच माहा गुन्हा. मलेही वाटलं होतं, इथंच थांबावं. पण हे सांगायले मी बसलो नव्हतो.

त्या हिवाळ्यात भिलाईच्या पॉवरहाऊस बसस्टँडवर बिसाहू दिसला. गाठोडं, बायको, पोरगी. बाहेरगावी वीटभट्टीवर चालले होते. मी खांबामागं सरकलो. पण त्यानं पाह्यलं, आणि तो चालत आला. वाटलं, आता हा मारन. मारावंच, असंही वाटलं. तो जवळ आला, खालच्या आवाजात म्हणे, "साहेब, मोरे हाथ ले जादा पर गे रिहिस का?" माह्याच हातून जास्त पडलं होतं का?

समजलं तुमाले? तो मले जाब विचारत नव्हता. तो स्वतःवर शंका घेऊन राहिला होता. चार महिने सारं गाव म्हणून राहिलं, मीटर खोटं बोलत नाही, साहेब खोटं बोलत नाही — मंग चूक आपल्याच हाताची असन, असं त्याले वाटायले लागलं होतं. लोटा विसरला तो. बेंडक्या विसरला. माह्या तोंडून त्याले फक्त एकच ऐकायचं होतं — की नाही, बिसाहू, तू बरोबर होता.

बस आली होती. कंडक्टर ओरडून राहिला होता. मले बोलायले भरपूर वेळ होता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हो जाता है, बिसाहू. मन पे मत लो."

त्यानं मले हात जोडले. मी जोडू दिले.