दोन दिवसांत दोन राजे
वाळलेली अंबाडीची बोंडं उकळायला ठेवली, की त्या आंबूस वासासरशी मला नांदुऱ्याच्या आमच्या घरातला एक उन्हाळा आठवतो. पुण्यात माझ्यासोबत शिकणारी सुदानची मैत्रीण चार दिवस राहायला आली होती. आईनं केलेलं अंबाडीचं लाल शरबत पाहून ‘हे तर आमचंच!’ म्हणत तिनं दोन पेले रिचवले. दुसऱ्या दिवशी बातमी आली, की तिच्या देशावर तीस वर्षं राज्य करणारा हुकूमशहा पायउतार झाला. ती मात्र रडत होती. “काऊन रडून राह्यली बाई? गेला ना तो?” आईनं विचारलं. तो गेला, पण त्याच्याच सैन्यातला अधिकारी गादीवर बसला, असं तिनं सांगितलं आणि आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची आई नर्स होती. लष्कराच्या मुख्यालयासमोर हजारो लोकांत ठाण मांडून बसली होती आणि घोषणा देऊन तिचा घसा बसला होता. “आता तं घरी जा म्हणा त्याईले,” आई म्हणाली. मैत्रिणीनं ते अरबीत सांगितलं, तशी तिची आई हसली. “माणूस बदलला, राज्य नाही. आम्ही उठणार नाही.” दुसऱ्याच दिवशी तो अधिकारीही गेला. राजकारणाचं नाव न काढणाऱ्या माझ्या आईनं गल्लीत साखर वाटली आणि विचारेल त्याला सांगितलं, “सुदानातल्या बायाईनं दोन दिवसांत दोन राजे उतरवले!” पुढे तिथे त्याच लोकांवर गोळ्या चालल्या, मग युद्ध पेटलं. मैत्रीण आता कैरोत आहे. तिची आई मात्र निघाली नाही. पडझड झालेल्या मोहल्ल्यात शेजाऱ्यांसोबत चूल मांडून ती भुकेल्यांना जेवू घालते. परवा हे ऐकून माझी आई म्हणाली, “त्या बाईले एकदा भेटाचं हाय मले.”