औषध लागलं

घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली, तेव्हा बाबांनी आधी माझी बॅग खिडकीतून सीटवर टाकली आणि मग मला दारातून आत ढकललं. मी चेन्नईला निघाले होते, माणसाचं बोलणं मशीनला समजावं यावर संशोधन करायला. म्हणजे नेमकं काय करायला, ते आमच्या गल्लीत कोणालाच सांगता येत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नाही. शेजारच्या काकूंनी तर पोरगी मोबाईलच्या कंपनीत लागली म्हणून सगळीकडे सांगून टाकलं होतं. आई खिडकीतून हात घालून माझी ओढणी उगाचच सरळ करत होती. बाबा मात्र गाडी हलेपर्यंत एकच गोष्ट घोकत राहिले. “तिथं आपलं हे मले-तुले करू नको. चांगलं बोलजो. लोक हसतात.”

बाबांना कधीकाळी पुण्याच्या एका ऑफिसात ‘मले फारम द्या’ म्हटल्यावर काउंटरमागची माणसं हसली होती. आमच्याकडे कापूस आहे, तूर आहे, बाबांचा गावात मान आहे. पण ते हसू त्यांच्या मनातून काही गेलं नाही.

तेव्हा मी बापाचा शब्द पाळला, आणि असा पाळला की विचारू नका! हॉस्टेलवर पुण्या-मुंबईच्या पोरी होत्या. वर्षभरात माझं मले-तुले गेलं, काहून-कायले गेलं. ‘करून राह्यली’ची ‘करतेय’ झाली. चेन्नईत राहून मी तमीळ कमी शिकले आणि पुणेरी मराठी जास्त, आता बोला. घरी फोन केला की आई म्हणायची, “काय वो बाई, बातम्या देऊन राह्यली का?” मला राग यायचा. मनातून बरंही वाटायचं.

आणि लॅबचं काय सांगू तुम्हाला! तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना वाटतं संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या. तसलं काही नाही. एसी इतका गार की स्वेटर घालून बसायचं, फिल्टर कॉफीचे पेले, भिंतभर व्हाइटबोर्ड आणि दिवसभर कानाला हेडफोन. पण ज्या दिवशी एका म्हाताऱ्याचं खोकत खोकत बोललेलं मराठी वाक्य मशीननं जसंच्या तसं स्क्रीनवर उमटवलं, त्या दिवशी मी खुर्चीतून अशी उडाले की सेल्वीची कॉफी तिच्याच कीबोर्डवर सांडली. सेल्वी माझी सोबतीण, तंजावरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याचीच पोर. तिनं शिव्या घातल्या, मग तीही नाचली. बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे कळेल. परक्या गावात आपल्या हातून काही घडलं की वेड लागायची पाळी येते.

त्याच तारेत मी लॅब चालवणाऱ्या आमच्या मॅडमपुढे फवारणीचं मांडलं. पोळ्याच्या आगेमागे आमच्याकडे कापूस छातीएवढा होतो. पाठीवर पंप, तोंडावर वारा, आणि त्या उकाड्यात तोंडाला फडकं कोण ठेवतो! अंगात विष भिनतं आणि माणसाला वाटतं ऊनच लागलं. तो झाडाखाली आडवा होतो, आणि दवाखान्यात नेण्याची वेळ तिथंच निघून जाते. माझं म्हणणं असं होतं की एक नंबर असावा. माणसानं तो लावावा आणि आपल्या बोलीत सांगावं काय होतंय ते. मशीननं ऐकून लाल, पिवळा, हिरवा असा रंग द्यावा. लाल आला की नर्सनं तिथल्या तिथं उलटा फोन करायचा आणि गाडी पाठवायची. मॅडम म्हणाल्या, कर. अख्ख्या लॅबमध्ये मराठी येणारी मी एकटी. त्यामुळे कोणत्या बोलण्याचा काय अर्थ धरायचा, ती मशीनला शिकवायची वहीही मीच लिहिली. नेटिव्ह स्पीकर तू आहेस, तुझा शब्द शेवटचा, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

गेल्या वर्षी तीन गावांत चाचणी सुरू झाली. त्यातलं एक आमचंच. गजू, माझा चुलत भाऊ, आमच्या वावरात तोच फवारतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, दोन लेकरांचा बाप. ताईची मशीन म्हणून त्यानं गावभर नंबर वाटला होता.

आईचा फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये होते. ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. गजूला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पडलेला तो तिलाच दिसला, घामानं भिजलेला, तोंडातून लाळ चाललेली. तिनं आरडाओरडा करून माणसं जमवली, शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. आणि मग ती म्हणाली, “त्यानं तुया नंबरवर सांगतलं होतं. कोनी फोनच नाही केला.”

मी पळत लॅबमध्ये आले आणि रेकॉर्डिंग उघडलं. गजूचा आवाज जड झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. “मले औषध लागलं. घाबरल्यासारखं होऊन राह्यलं.” मशीननं एक अक्षर चुकवलं नव्हतं. खाली त्याचा अर्थ लिहिला होता: उपचाराचा फायदा झाला आहे, थोडी भीती वाटते. रंग हिरवा.

आता घाटंजीकडच्या माणसाला यात काय झालं ते सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगते. आमच्याकडे पिकावर जे मारतात ते औषध. माणसाला देतात त्या गोळ्या, नाहीतर दवाई. आणि लागणं म्हणजे बाहेरून येऊन बाधणं. ऊन लागतं, नजर लागते, ठेच लागते, तसं औषध लागतं. घाबरल्यासारखं होणं म्हणजे भीती नव्हे हो, जीव कासावीस होणं, आता पडतो की काय असं वाटणं. गजूनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. यापेक्षा स्पष्ट डॉक्टरही सांगत नाही.

वहीत ती ओळ कोणी लिहिली ते मी शोधलं. शोधायचं काय होतं त्यात? ‘औषध लागू पडलं, औषध लागलं: सुधारणा’. शेजारी माझीच सही. ज्या पोरीनं जन्मभर आईच्या तोंडून ‘औषध लागन, फडकं बांध’ ऐकलं, तिनं. मला कोणी फसवलं नव्हतं, कोणी घाई केली नव्हती. ती ओळ लिहिताना माझ्या कानात पुण्याच्या पोरी बोलत होत्या, बस. मी स्वतःच्याच कानाखाली मारून घ्यावी अशी चिडले, आणि गजू शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत अन्नाला शिवले नाही. चौथ्या दिवशी तो उठून बसला.

मॅडमना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता घरी पाठवतात. त्या एवढंच म्हणाल्या की चूक सापडली म्हणजे काम सुरू झालं. आणि सेल्वी मागून ओरडली, “अगं, आमच्याकडे पण!” तिच्या गावातही फवारायच्या विषाला मरुंदु म्हणतात, आणि मरुंदु म्हणजे औषधच. तिच्या तमीळ वहीतही तोच घोळ निघाला. सांगू नये, पण मला त्या क्षणी आनंद झाला! केवढं मोठं काहीतरी आमच्या हाती लागलं होतं. जे लोक विषाला औषध म्हणतात, त्यांच्याशी दवाखान्याच्या भाषेत बोलून कसं चालेल?

मग मी महिनाभर गावी येऊन बसले. निंदणाहून परतणाऱ्या बाया आमच्या ओसरीवर टेकायच्या आणि मी विचारायची, औषध लागलं की कसं सांगता? त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. हे बी सांगा लागते का, म्हणायच्या. मग एकीनं तोंड उघडलं की दहाजणी सुरू. डोकं भणभणते, डोळ्यासमोर अंधारी येते, कसंचंच होते, हातपाय गळतात. रेकॉर्डर कमी पडला. बंजारा तांड्यावरच्या बाया त्यांच्या गोरबोलीत सांगू लागल्या. ती मला येत नाही, आणि या वेळी मी येते असं सोंगही केलं नाही. तांड्यावरच्याच नर्मदाबाईंच्या सुनेला मी वेगळी वही दिली. ती बारावी शिकलेली आहे आणि माझ्याहून कडक आहे, माझ्या मराठी वहीतल्याही तीन ओळी तिनं पहिल्याच दिवशी खोडल्या.

बाबा दोन दिवस लांबूनच ऐकत होते. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, हे असं नाही, असं म्हणतात. मग रोज बसायला लागले. स्टँडवर काय बोलले होते ते त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. फक्त एका दुपारी मी बोलता बोलता ‘मले’ म्हणून गेले आणि त्यांनी वर पाहिलं नाही.

गजू मात्र ओसरीवर आला नाही. मीच त्याच्या घरी गेले. त्यानं चहा पाजला, लेकरं दाखवली, आणि शांतपणे सांगितलं, “ताई, तुया मशीनले आपली गोष्ट समजत नाही. मी नाही लावत तो नंबर आता.” मी त्याला काय समजावणार? मरता मरता वाचलेल्या माणसाला माझे ग्राफ दाखवू? मी चहा पिऊन परत आले. नंतर लॅबमध्ये नवी चाचणी उत्तम निघाली, मॅडमनी पेढे म्हणून मैसूरपाक वाटला, दुसऱ्या राज्यातून विचारणा आली. सगळे खूश होते आणि मीही होते, खोटं कशाला बोलू. पण माझं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. जगानं तो नंबर लावला आणि गजूनं नाही लावला, तर माझं काम झालं असं मी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

यंदाचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी सेल्वी आणि मी स्क्रीनपुढे बसून होतो. कॉल आला आणि मिनिटाच्या आत लाल झाला. नंबर पाहिला. गजूचा.

हेडफोन कानाला लावला. गजू धापा टाकत होता. “इथं देविदासभाऊले औषध ला...” आणि फोन तुटला. बस, एवढंच. पण स्क्रीनवर लाल होता, आणि तिकडे गावाकडे नर्सनं उलटा फोन लावलेलाही होता. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. आरोग्य केंद्राची गाडी धुऱ्यापर्यंत गेली. देविदासभाऊ तांड्यावरचे, शेजारच्या वावरात मजुरीनं फवारत होते. वेळेत पोचले, आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन भाकर मागत होते. गाडी वेळेत पोचल्याचं कळलं तेव्हा मी आणि सेल्वी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या ओरडलो की शेजारच्या लॅबमधले लोक दार उघडून बघायला आले.

कॉल आला त्याच दिवशी संध्याकाळी गजूचा मला फोन आला. आधी त्यानं कापसाचं सांगितलं, मग लेकरांचं. मग म्हणाला, “ताई, रेंज गेली होती. मी अर्धंच बोललो.”

मी म्हटलं, माहीत आहे, मी ऐकलं.

“तरी तुया मशीनले समजलं,” तो म्हणाला.

मला कायम विचारता ना तुम्ही, घरी कधी येतेस? इतकी वर्षं मी सुट्ट्यांचा आणि तिकिटांचा हिशेब सांगत आले. सणाला आले, लग्नाला आले, महिनाभर ओसरीवर राहिले, तरी पाहुणीच होते, आणि गजूच्या घरी तो चहा पिताना तर परकीच. आज सांगते. गजूनं तो नंबर परत लावला त्या दुपारी, चेन्नईच्या त्या गार खोलीत स्वेटर घालून बसल्या बसल्या, मी घरी पोचले.