होडीत किती माणसं

आमच्या शेजारणीला राग आला की ती भांडी आपटत नाही, होडी घासते. धक्क्यावर उलटी टाकलेली होडी, बादलीभर पाणी आणि काथ्याचा बोळा. त्या आठवड्यात तिने होडी इतकी घासली, की मला होडीच्या रंगाची काळजी वाटायला लागली. तीही डाव्या हाताने, कारण उजवा खांदा चालत नव्हता. आणि रागाचं मूळ त्या खांद्यापाशीच होतं.

तिला सगळे होडीवाली म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला होडीवाला. धरणाचं पाणी चढलं तेव्हा पलीकडच्या वस्त्यांचा रस्ता बुडाला, तो बुडालाच. फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून ही दोघं होडीतून तिकडे वाणसामान पोचवतात. तो मागे इंजिनापाशी, ती पुढच्या टोकाला वल्ही घेऊन, आणि मधे पिठाची पोती, तेलाचे डबे, कोंबड्यांचं खाद्य, कोणाची औषधं, कोणाची शिवून आलेली चप्पल. इंजिन जुनं आहे, मनात येईल तेव्हा बंद पडतं. मग तो झाकण काढून दोन्ही हात आत घालतो आणि ती वल्ही मारत होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते. तोंड फिरलं तर होडी आडवी होते आणि लाटा आत यायला लागतात. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. होडीवाला धक्क्यावर कौतुकाने सांगायचा, "माझ्या होडीला दोन इंजिनं आहेत. एक पेट्रोलवर चालतं, एक चहावर." ती नाक मुरडायची. पण तिला ते आवडायचं, हे मला माहीत आहे.

पलीकडचे लोक तिची वाट बघतात. सामानाची बघतच नाहीत असं मी म्हणणार नाही, पीठ सगळ्यांनाच लागतं. पण एका म्हातारीच्या सुयांमध्ये आठवडाभराचे दोरे ओवून ठेवायचं काम हिचं आहे. एका म्हाताऱ्याची नखं हीच कापते, कारण सुनेने हात लावलेला त्याला खपत नाही. कोणाच्या घरी कोण कोणाशी बोलत नाही, हे लक्षात ठेवून ती निरोप पोचवते, आणि शिव्या गाळून पोचवते. होडीवाला तोवर धक्क्याच्या पायरीवर बसून बिडी ओढतो. माणसं त्याला जमत नाहीत, इंजिन जमतं. तेही कधी कधीच.

महिन्यापूर्वी भर तलावात, होडी सामानाने भरलेली असताना इंजिन बंद पडलं. वारा उलटा होता. इंजिन काही सुरू होईना, म्हणून तिने वल्ही मारत होडी गवताच्या आडोशापर्यंत आणली. त्यात खांदा गेला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, वल्ही विसरा. तेव्हापासून रोज सकाळी होडीवाला तिची वेणी घालतो. वेणी कसली, दोरखंडाला मारतात तसली गाठ असते ती, पण घालतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचा भाऊ आला. तो शहरात मोटारींच्या गॅरेजात काम करतो, त्यामुळे जे जे फिरतं त्यातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे. मेहुण्या-मेहुण्यांनी बसून ठरवलं, की मोठ्या इंजिनाच्या शेजारी एक छोटी जादा मोटर बसवायची. मोठं बंद पडलं तर छोटी आहेच. सहा घोड्यांच्या ताकदीची घ्यायची हेही ठरलं, ती कुठे बसवायची हेही ठरलं, आणि आता ताईने घरी आराम करायचा हेही ठरलं. हे सगळं तिच्याच घरात, तिच्यासमोर, तिने केलेला चहा पीत. तिला कोणी काही विचारलं नाही. सांगितलं मात्र प्रेमाने.

आराम कर, हे दोन शब्द मला नोकरीच्या शेवटच्या दिवशी हारासोबत मिळाले होते. माणूस नको झाला असं तोंडावर म्हणता येत नाही, तेव्हा हे शब्द फार उपयोगी पडतात. तेव्हा ती होडी का घासत होती, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या इस्त्रीवालीने विचारलं, "काय गं, सवत येणार म्हणे होडीत?"

"सवत परवडली," ही म्हणाली. "ती निदान तोंडावर भांडते. हिला तर आणायच्या आधीच माझी जागा देऊन टाकली."

नवऱ्याशी तिने बोलणंच टाकलं. मोटर बघायला शहरात जायचं होतं तेव्हा म्हणाली, बाई येत असतील तरच मी येते. त्यांच्या मुलीला मी चार इयत्ता शिकवलेलं, त्यामुळे दोघांनाही माझं ऐकायची सवय आहे. बसमध्ये मला मधे बसवलं.

"बाई, यांना विचारा, मोटर बसवायच्या फळीचं माप घेतलंय का."

होडीवाला माझ्या पलीकडेच होता. "बाई, तिला सांगा, घेतलंय."

"नीट घेतलंय का विचारा. मागे खिडकीच्या पडद्याचं घेतलं होतं, तसं नको."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या बाकावरचा माणूस खांदे हलवत हसत होता.

दुकान मोठं होतं. मोटारी लोखंडी घोडीवर ओळीने टांगलेल्या, पाय लांब करून बसल्यासारख्या. कोपऱ्यात पाण्याने भरलेलं पिंप होतं, त्यात मोटर बुडवून चालवून दाखवतात. दुकानदार तरुण, चुणचुणीत, बोलायला गोड. पण बोलत होता तो फक्त होडीवाल्याशी. फळी किती उंच, काका. सामान किती, काका. आम्ही दोघी जणू त्या घोडीवर टांगायच्या राहिलो होतो. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारीही दाखवल्या, पण त्या फार जड, त्यांना वेगळी बॅटरी लागते. आणि नुसत्या बॅटरीवर चालणारी वाऱ्यात किती टिकेल ते सांगता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. राहिल्या त्या दोरी ओढून सुरू करायच्या. सहा घोड्यांची एक त्याने काढून दाखवली. मग सहज विचारलं, "होडीत माणसं किती असतात, काका?"

"एक," होडीवाला म्हणाला.

मी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याने विचार न करता "दोघं" म्हटलं असतं. आता "एक"ही विचार न करताच म्हणाला. तेच वाईट होतं.

आठवड्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली. "एक कोण?"

तो मोटारीकडे बघायला लागला.

"आणि मी काय होते एवढी वर्षं? पोतं?"

दुकानदाराने मधे पडायचा प्रयत्न केला. म्हणाला, काकू, आता तुम्ही छान घरी बसून आराम... मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली ती नजर अजून चालते. तो वाक्य अर्धं सोडून बिलाच्या टेबलामागे गेला.

मग तिने नवऱ्याला विचारलं ते इतकं साधं होतं, की दोघा मेहुण्यांना ते सुचलं कसं नाही याचा मला अजून राग येतो. मोठं इंजिन बंद पडलं की तुमचे दोन्ही हात त्याच्यात. मग ही छोटी धरणार कोण? तो म्हणाला, तिचा वळवायचा दांडा बांधून ठेवता येतो. ती म्हणाली, वाऱ्यात बांधून ठेवणार? वारा काय तुमचा मेहुणा आहे, तुम्ही म्हणाल तसं ऐकायला?

होडीवाला बराच वेळ त्या मोटारीच्या पंख्याचं एक पातं बोटाने फिरवत राहिला. शेवटी पात्याकडेच बघत म्हणाला, "मला परत ते ऐकायचं नाहीये."

"काय ऐकायचं नाहीये?"

"त्या दिवशी तू वल्हं ओढताना आवाज काढत होतीस. दर वेळी. मी इंजिनात डोकं घालून बसलो होतो आणि मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

एखादीला इथे रडू आलं असतं. मला आलं, खोटं कशाला सांगू. ती मात्र आणखी भडकली.

"मग हे महिनाभर का नाही बोललात? आणि तुम्हाला ऐकवत नाही म्हणून मी घरी बसायचं? दुखतं मला, आणि त्रास तुम्हाला?"

 

तिने पदर खोचला आणि म्हणाली, लावा ती पिंपात. सहा घोड्यांची मोटर पिंपाला लावली. तिने डाव्या हाताने दोरी ओढली. दोरी अर्धी आली आणि हिसका देऊन परत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मग कोणी काही म्हणायच्या आत तिने उजवा हात लावला. तिचा चेहरा पांढरा पडला आणि होडीवाला पुढे झाला, पण तिने कोपरानेच त्याला थांबवलं.  ही मोटर घेतली तर ती होडीत बसूच शकणार नव्हती. निदान कामाची म्हणून नाही, आणि बसवून नेलेली बाई व्हायला ती तयार नव्हती. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तिने ओळीच्या शेवटी बोट दाखवलं. "ती?"

ती सगळ्यांत छोटी होती, अडीच घोड्यांची. मोठ्या भावंडांच्या फोटोत कडेला उभं केलेलं शेंडेफळ असतं तशी. दुकानदार म्हणाला, काकू, ती हौसेने मासे धरणाऱ्यांच्या होड्यांसाठी, तुमची भरलेली होडी उलट्या वाऱ्यात ती पुढे नेणार नाही. हे त्याने पहिल्यांदाच तिला उद्देशून सांगितलं, आणि खरं सांगितलं.

छोटी पिंपाला लागली. डाव्या हाताने दोरी ओढल्यावर पहिल्यांदा मोटरला नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा पिंपातलं पाणी घुसळायला लागलं आणि माझ्या साडीवर उडालं.

"पुढे नाही जाणार ही," होडीवाला म्हणाला.

"पुढे कुठे जायचंय? तोंड वाऱ्याकडे धरायचंय. तेवढं मी हिच्यावर धरते. तुम्ही तुमचं इंजिन बघा."

तो दोन्ही मोटारींमध्ये येरझारा घालत राहिला. त्याची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य केलं पाहिजे. तलाव त्यालाही माहीत आहे. तो म्हणाला, मग वारा असेल त्या दिवशी सामान कमी घ्यायचं. तिने कबूल केलं. तो म्हणाला, आणि वारा असेल तर टोकाच्या वस्तीला जायचं नाही. ते तिने साफ नाकारलं. सुयांची म्हातारी टोकाच्या वस्तीतच राहते. कडेकडेने जाऊ, वेळ लागला तर लागला, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. पण तो दुकानदाराकडे वळला आणि त्या छोटीची दोरी हातात घेऊन म्हणाला, "हिची मूठ जरा जाड मिळेल का? डाव्या हाताला नीट धरता येईल अशी."

एवढंच. तिला काही म्हणाला नाही. तिनेही त्याचे आभार वगैरे मानले नाहीत, आणि का मानावेत? स्वतःचीच जागा मिळाल्याबद्दल कोणी आभार मानतं का?

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. आता मधे माझी गरज नव्हती. गावापर्यंत तिने त्याला पडद्याच्या मापापासून मेहुण्यापर्यंत सगळं ऐकवलं.

दोन दिवसांनी मोटर बसवायला तिचा भाऊ आला. मोटर बघून म्हणाला, "ताई, ही होडीची आहे का मिक्सरची?"

"तू घरी जा आणि आराम कर," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही, पण पाना मात्र त्याने मुकाट्याने हातात घेतला.

ती मोटर मागच्या फळीला बसली, तेव्हा होडीवालीला पुढचं टोक सोडावं लागलं. मागे दोघं बसल्यावर होडीचं नाक वर उठलं, म्हणून पिठाची पोती पुढे सरकवली, तेलाचे डबे त्यांच्यापुढे. सगळ्या होडीची मांडणी बदलली. इतकी वर्षं या दोघांच्या मधे होडीभर अंतर असायचं, काही बोलायचं तर इंजिनावर ओरडावं लागायचं. आता गुडघ्याला गुडघा लागत होता. तो अंग चोरून बसला. ती नाही.

मी धक्क्यावर उभी होते. होडी निघाली. वारा फार नव्हता. तिची पाठ मला दिसत होती, ती गाठ मारलेली वेणी दिसत होती, आणि डावा हात सारखा वर-खाली होताना दिसत होता. छोटी मोटर बंद होती, तेव्हा तो हात मोटारीसाठी नव्हता. पाण्यावरून तिचा आवाज येत राहिला. आधी विचारायचं होतं, माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन ठरवलंत ते. नवरा वीतभर अंतरावर होता, ओरडायची काही गरज नव्हती. तरी ती ओरडत होती, आणि तो सुकाणू धरून, मान तिच्याकडे कलती करून, ऐकत होता.