शत्रुघ्न भोईरची म्हस

नायगावच्या खाडीकाठी शत्रुघ्न भोईरची गाडी रोज सकाळी आंघोळ करायची. शत्रुघ्न स्वतः कधी करायचा, याचा मात्र नेम नव्हता. गाडी अठरा वर्षांची, परदेशी, फोर बाय फोर, आतून लाकडाने आणि कातड्याने मढवलेली. मुंबईच्या कोणा हौशी माणसाने ती दहा वर्षं मिरवली आणि कंटाळून विकली. खाडीलगतच्या खाऱ्या खाजणातली बरीचशी जमीन टॉवरवाल्यांकडे गेली तेव्हा भाऊबंदांनी बंगले उठवले आणि शत्रुघ्नने ही दुसऱ्याची उतरलेली हौस दारात आणून उभी केली. गाव हसलं. हसू दे. गावाला त्या गाडीतलं एक बटण ठाऊक नव्हतं.

ते बटण दाबलं की गाडी खाली बसायची. तिच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. हवा सुटली की फुस्स करून गाडी चार बोटं खाली यायची. शत्रुघ्नची बायको हंसा, तिचे गुडघे पन्नाशीतच गेले होते. तेवढी चार बोटं तिला पुरायची. "बसली का म्हस?" असं विचारून ती दांडी धरून आत चढायची. गाडीच्या कंपनीने नाव काहीही ठेवलेलं असो, घरात ती म्हसच.

म्हस पाळण्याचं खरं कारण वर्षातून एकदा उगवायचं. भोईरांचा खाजणातला एक तुकडा अजून शिल्लक होता, आणि त्याला खाडीपासून राखणारा मातीचा बांधही. अक्षय्य तृतीयेला घरच्या बाईने त्या बांधावर जायचं, नारळ ठेवायचा आणि घरच्या विहिरीचं तांब्याभर गोडं पाणी बांधावर ओतायचं. ओतताना खाडीला सांगायचं, आमचं गोडं इकडे, तुझं खारं तिकडे. हंसा लग्न होऊन आली त्या वर्षापासून एकही खेप चुकली नव्हती. आता चालवत नव्हतं, आणि त्या खाचखळग्यांच्या वाटेवर रिक्षावाला येईल तर शपथ.

यंदा तृतीयेला बारा दिवस राहिले असताना म्हस बसली ती उठेचना. बटण दाबून दाबून शत्रुघ्नचा अंगठा दुखला. शेवटी सांडोरहून रुडॉल्फला बोलावणं गेलं. केळीच्या वाडीत गॅरेज चालवणारा हा मेकॅनिक जुन्या गाड्यांशी माणसांपेक्षा गोड बोलतो. तो गाडीखाली सरपटत गेला आणि बराच वेळ नुसती त्याची चप्पल दिसत राहिली.

बाहेर आला तो चिडूनच. "शत्रुघ्नभाऊ, ही गाडी तुम्ही समुद्रात घालता काय? पिशव्या वयाने गेल्या, ते समजू शकतो. पण हवेचा पंप, नळ्यांचे जोड, सगळं मिठाने खाल्लंय!"

"समुद्रात?" शत्रुघ्नचा आवाज चढला. "आठ वर्सं रोज विहिरीच्या पान्याने धुतू हिला. खालनं सुद्धा. पाइप लावून!"

रुडॉल्फ विहिरीवर गेला. बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि बाजूला थुंकला. "भाऊ, हे खारं आहे."

बापाने स्वतः खणलेली विहीर! शत्रुघ्न अजून तिचंच पाणी प्यायचा. सगळीकडे भराव पडले, टॉवर उठले, तसतशी विहीर दरवर्षी थोडीथोडी बदलत गेली आणि तिच्याबरोबर त्याची जीभही. त्याने पेला भरून घटाघटा पिऊन दाखवला. "कुटं खारं हाय? अमृत हाय!"

"खारंच हाय," ओट्यावरून हंसा म्हणाली. "डाळ शिजत नाय तिच्यात. कवापासनं."

शत्रुघ्नने पेला खाली ठेवला. कोनाड्यातल्या तांब्याकडे त्याची नजर गेली. "मंग तू बांधावर काय वततंस?"

"नळाचं. तुमी उठायच्या आदी भरून ठेवतंय. खाडीला तिचंच पानी कसं दाखवू? हसली असती ती." मग म्हणाली, "तुमच्या बापाची विहीर. तुमाना काय सांगू?"

दोन दिवस शत्रुघ्नने गाडी धुतली नाही. गाडीची आपण लाडाने वाट लावली, याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठा काटा वेगळा होता. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ही बाई वर्षानुवर्षं, दुखऱ्या गुडघ्यांनी, पहाटे नळाखाली तांब्या धरत आली, आणि आपण शेजारी घोरत पडलो. त्याला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी रुडॉल्फने हिशेब समोर मांडला. पिशव्या परदेशातून यायला दोन महिने. साधे लोखंडी स्प्रिंग टाकले तर चार दिवसांत गाडी उभी. "पण मग ही बसणार नाही. कायमची उंच राहील."

"तुमीच जा यंदा," हंसा म्हणाली. "मी घरनं हात जोडीन." बोलली सहजच, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शत्रुघ्नने ते पाहिलं.

"स्प्रिंगच टाक," तो रुडॉल्फला म्हणाला, उठला आणि गोठ्याच्या माळ्यावर चढला. तिथे बांधाच्या जुन्या उघाडीची सागवानी फळी पडून होती. खाडीचं पाणी अडवायचं आणि सोडायचं ते पूर्वी त्या फळीने. रुडॉल्फ म्हणाला, स्टीलचं तयार पायदान मिळतं, छान चकचकीत. शत्रुघ्न म्हणाला, "चाळीस वर्सं खाऱ्यात उबी व्हती ही. हिला कसला गंज?" मग दोघांनी फळी कापली, तासली, बिजागऱ्या ठोकल्या, साखळी लावली. दार उघडलं की फळी खाली उतरायची, दार लावताना वर मुडपायची. त्या मढवलेल्या गाडीला ती अजिबात शोभत नव्हती.

तृतीयेच्या सकाळी हंसाने फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पाय ठेवला. फळी कुरकुरली, पण हलली नाही. दुसऱ्या पायाला शत्रुघ्नने कोपराखाली हात दिला आणि ती आत. वाटभर म्हशीने दोघांना गदागदा हलवलं. लोखंडी स्प्रिंगला हवेची माया कुठून असणार?

बांधावर नारळ ठेवून झाला. तांब्यात नळाचं पाणी होतं; यंदा ते शत्रुघ्नने भरलं होतं, पहाटे उठून. हंसाने ते बांधावर ओतलं. "आमचं गोडं हिकडं, तुजं खारं तिकडं."

मग शत्रुघ्न गाडीच्या मागून एक कळशी घेऊन आला. काठोकाठ भरलेली, बापाच्या विहिरीची. बांधाच्या पलीकडच्या अंगाला तो उकिडवा बसला आणि अगदी हळूहळू त्याने ती खाडीत रिकामी केली.

"हे तुजं," तो म्हणाला. "आमच्याकडं राहलं व्हतं."

त्याला उठायला वेळ लागला. हंसा मागे येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. आज त्याला तिने उठवलं.